विमलाभाभींची कुलूपबंद गाणी

गाणी भरून घ्यायला आलेल्या माणसाची आधी उलटतपासणी घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, विमलाभाभी. अक्कलकुव्याच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. पाटीवर लिहिलेलं होतं, ‘पिको, फॉल व डाउनलोडिंग’. आधी साड्यांचा पिको-फॉल होता, मग नणंदेच्या घरून एक जुना कॉम्प्युटर आला, आणि नवी पाटी करण्यापेक्षा जुन्याच पाटीवर एक शब्द वाढवला गेला.

मी पशुधन पर्यवेक्षक. साताऱ्याकडून बदली होऊन आलो तेव्हा दिवसाचे चार-पाच तास मोटारसायकलवर जायचे. डोंगरातल्या पाड्यांवर गुरांना लस टोचायची, बैलांच्या जखमा बघायच्या आणि परत यायचं. वर रेंज नसते, म्हणून मोबाईलच्या कार्डात गाणी भरून घ्यावीत असं ठरवून मी त्या पाटीखाली जाऊन उभा राहिलो. पिकोचं मशीन थांबलं. चष्मा कपाळावर चढला. डोक्यावरून पुढे घेतलेला पदर सावरत एक साठीची बाई मला नखशिखांत न्याहाळू लागली.

“तुम्ही कोठला शेतस?”

“साताऱ्याचा.”

“लगन व्हयनं शे का?”

“झालंय.”

“बायको आठे शे का तठे?”

“तिकडेच आहे अजून.”

“मंग रडाना गाना नका लेवू. गाडी चालाडतांना डोयामां पानी येस.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि स्वतःच्या पसंतीची गाणी भरून माझ्या हातात ठेवलं. माझी यादी खिशातच राहिली. दुसऱ्या दिवशी घाट चढताना गाणी सुरू झाली आणि मला कबूल करावं लागलं, की मला हीच हवी होती, फक्त मला ते माहीत नव्हतं. त्या दिवसापासून त्या मला ‘डाक्टर’ म्हणू लागल्या. मी डॉक्टर नाही हे मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायचा कंटाळा आला.

भाभींचं कुटुंब मूळचं राजस्थानचं, जैन. पण तीन पिढ्या इथे गेल्यामुळे त्या गिऱ्हाइकांशी झोकात अहिराणी बोलायच्या. नवरा पुखराजभाऊ मागच्या खोलीत साड्यांच्या गठ्ठ्यांत बसून असायचा. तो दिवसभरात किती शब्द बोलतो यावर बाजारात पैजा लागत. भाभी त्याच्याही वाटचं बोलून टाकायच्या.

भरलेली कार्डं त्यांनी मसाल्याच्या डब्यात ठेवली होती. स्टीलचा गोल डबा, आत सात वाट्या. एकीत भिली गाणी, एकीत अहिराणी, एकीत गुजराती गरबे, एकीत जुनी हिंदी, एकीत भजनं. सहाव्या वाटीत ‘लगनना’ आणि सातव्या वाटीत खरोखरच जिरं, कारण दुपारच्या ताकाला लागायचं. त्यामुळे त्यांच्याकडच्या गाण्यांना जिऱ्याचा वास येतो अशी बाजारात थट्टा होती. चावट गाणी मागायला आलेल्याला त्या शांतपणे डबा दाखवायच्या. “देख भाऊ, सात वाट्या शेत. तुन्हं गाना कोठे बसाडू?” गडी मान खाली घालून भजनं घेऊन जायचा. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण असायचं, म्हणून सगळा बाजार ऐन रंगात असताना भाभी शटर ओढायच्या आणि उरलेली गिऱ्हाइकं अलगद रस्त्यापलीकडे जायची.

रस्त्यापलीकडे छोटूभाई होता.

छोटूभाई गुजरातचा. सरहद्दीपलीकडून आला तो लखलखणारी लाइटची पाटी घेऊनच. देह अवाढव्य, आवाज त्याहून मोठा, आणि नाव छोटूभाई. त्याच्याकडेही कार्डात गाणी भरून मिळायची. फरक एवढाच की भाभी गाणी शोधायच्या आणि छोटूभाई भाभी शोधायचा. आठवडी बाजाराला डोंगरातली गायक मंडळी भाभींच्या दुकानात येत, दोन साड्यांच्या आडोशाला बसून मोबाईलपुढे गात आणि भाभी ते भरून घेत. तेच गाणं संध्याकाळपर्यंत छोटूभाईच्या दुकानात वाजायला लागलेलं असे. एखाद्या गिऱ्हाइकाला पाठवून भाभींकडून कार्ड भरून आणायचं आणि त्याच्या वाटेल तेवढ्या नकला काढायच्या, एवढंच त्याचं काम.

भाभींनी पहिला उपाय केला तो आवाजाचा. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःचं बोलणं घातलं. “हाई गानं विमलाभाभीना दुकाननं शे. दुसराना दुकानमां वाजत व्हई तं समजी ल्या, चोरीनं शे!” यावर छोटूभाईनं ते बोलणं कापून टाकलं. मग गंमत झाली. लोक त्याच्याकडून कार्ड भरून घेत, घरी जाऊन लावत आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देत. कारण काय, तर यात भाभी नाही, म्हणजे माल खोटा आहे. लग्नांमध्ये तर वाजंत्री सुरू व्हायच्या आधी पोरीबाळी एका सुरात ओरडायच्या, “चोरीनं शे!” आणि मगच नाचायला लागायच्या. छोटूभाईनं डोकं लढवलं. त्यानं स्वतः बारीक आवाज काढून भाभींची नक्कल केली आणि ती गाण्यांना जोडली. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मोटारसायकल बाजूला लावून हसलो. भाभींना ऐकवली तेव्हा त्यांनी कान देऊन दोनदा ऐकली.

“मन्हा आवाज असा शे का वो?” त्यांनी मागे वळून विचारलं.

पुखराजभाऊनं त्या दिवसातला एकमेव शब्द उच्चारला. “असाच.”

जमनाबाई याच सुमाराची. मोलगीच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. दरवर्षी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जायची, होळीला परतायची. एका बाजाराच्या दिवशी ती आपल्या आईला हाताला धरून घेऊन आली. डोकरी वाकलेली होती, पण डोळे मिश्कील. जमनाबाईच्या घरात हळदीच्या वेळी एक गाणं म्हणायची रीत होती. घरातल्या बायकांची नावं, पार कुठल्या कुठल्या पणजीपासून, त्यात एकामागून एक येतात, आणि शेवटी नवरीचं नाव येतं. सगळी नावं क्रमानं फक्त डोकरीला येत होती. जमनाबाई शिकली नव्हती, कारण लग्नाच्या दिवसांआधी जे घरी बसून शिकायचे महिने, ते तिचे उसाच्या फडात गेले होते.

“माय म्हातारी व्हयनी,” ती भाभींना म्हणाली. “मन्ही पोरीना लगनमां हाईच आवाज पायजे.”

भाभींनी पिकोचं मशीन बंद केलं, पंखा बंद केला, पुखराजभाऊला खोकायचं नाही म्हणून ताकीद दिली आणि डोकरीला पाटावर बसवलं. डोकरी गायली. मला एकही शब्द कळला नाही, पण मध्येच जमनाबाईनं पदरानं डोळे पुसले तेव्हा समजलं की तिचं स्वतःचं नाव आलं असणार. गाणं संपल्यावर भाभींनी डोकरीचे दोन्ही हात हातात घेतले. “माय, तुन्हा आवाज मी जपी ठेवसू. मन्हा दुकाननी शपथ.”

आणि तिथेच घोळ झाला. कारण जपून ठेवायचं म्हणजे भाभींच्या लेखी एकच अर्थ होता. छोटूभाईच्या हाती लागू द्यायचं नाही.

सुरतेचा एक माणूस त्याच आठवड्यात त्यांना कुलूप विकून गेला होता. खरं कुलूप नव्हे, कॉम्प्युटरमधलं. त्यातून भरलेलं गाणं ज्या मोबाईलमध्ये भरलं त्याच मोबाईलमध्ये वाजायचं. कार्ड काढून दुसऱ्यात घातलं की मुकं. ब्लूटूथनं पाठवायला गेलं तर जायचं नाही. भाभींनी कुलूप लावलेलं पहिलं गाणं डोकरीचं. मग त्यांनी झाडून सगळ्या गाण्यांना कुलूप लावलं आणि छोटूभाईच्या पाटीकडे बघत मनसोक्त ताक प्यायल्या.

भाभी कधी डोंगरावर गेल्या नव्हत्या. त्यांना माहीत नव्हतं ते मी रोज बघत होतो. वर पाड्यावर कार्ड एका माणसाचं नसतं. बाजाराला गेलेला एक जण कार्ड भरून आणतो आणि मग ते घरोघर फिरतं, आज या मोबाईलमध्ये, उद्या त्या मोबाईलमध्ये, तवा-पातेली फिरावीत तसं. कुणाच्या फोनला बॅटरी आहे, कुणाचा स्पीकर मोठा आहे, त्यावर कार्डाचा मुक्काम ठरतो. आता एकाच फोनमध्ये गाणी वाजायला लागली आणि पाड्यापाड्यांवर भांडणं लागली. एका ठिकाणी तर मी म्हशीला इंजेक्शन द्यायला गेलो आणि दोन घरांनी मिळून मलाच धरलं. ‘तुझ्या भाभीला सांग, आमची गाणी सोड.’

मी खाली येऊन सांगितलं. भाभींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तोवर मोबाईलवरच्या गाण्यांच्या ॲप्सचा सुळसुळाट झाला होता. एक म्हणे महिनाभर फुकट, दुसरं म्हणे तीन महिने, तिसरं म्हणे गाणी डाउनलोड करा आणि कुठेही ऐका. एक शाळामास्तर तसली भरपूर गाणी उतरवून डोंगरात गेले आणि महिन्याच्या शेवटी सगळी गाणी एकदम गप्प झाली. रेंज मिळेना आणि ॲप ऐकेना. ते तणतणत भाभींकडे आले. भाभींनी त्यांचा फोन उलटसुलट करून पाहिला आणि भर दुकानात हसत सुटल्या.

“मास्तर, गाना तुमना फोनमां शेतस, पन तुमना नहीतस. पाव्हना शेतस त्या. महिना सरना, पाव्हना गया!”

मास्तरही हसले. मी मात्र तोंड सांभाळलं नाही. म्हटलं, “भाभी, मग तुमच्या कुलपाचं वेगळं काय आहे?”

हसू थांबलं. त्यांनी मशीन सुरू केलं, पायडल जोरात दाबलं, आणि पुढचे आठ दिवस मी त्यांच्यासाठी दुकानातल्या खांबासारखा होतो. नवव्या दिवशी त्यांनी मला ताक दिलं, पण त्यात जिरं नव्हतं. यावरून काय ते मी समजलो.

डोकरी दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात गेली. आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी जमनाबाई दुकानात आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, हळद सहा दिवसांवर होती. जुना फोन फडात पाण्याच्या चारीत पडून बाद झालेला. तिनं त्यातलं कार्ड जपून काढलं होतं, फडक्यात बांधून आणलं होतं आणि नव्या फोनमध्ये घातलं होतं. तिनं तो फोन भाभींसमोर धरला.

“भाभी, माय बोलत नी.”

“बोली, बोली. आसं कसं नही बोलाव?” भाभी उत्साहानं उठल्या. “मन्हा जोडे शे ना तुन्ही माय. दोन मिन्टमां परत भरी देस.”

कॉम्प्युटर सुरू होईना. नुसती खरखर करून थांबला. भाभींनी त्याच्यावर थाप मारली, फुंकर मारली, हात जोडले. मी त्यांचा कॉम्प्युटर मोटारसायकलवर घेऊन दुरुस्तीला नंदुरबारला नेला. तिथल्या माणसानं डबा उघडून मान हलवली. गाणी साठतात ती आतली तबकडी जळाली आहे, म्हणाला, आता त्यातून काही निघणार नाही. छोटूभाईच्या धास्तीनं भाभींनी मोबाईलवरचं मूळ गाणं केव्हाच पुसलेलं होतं आणि डब्यातल्या कार्डांनाही तेच कुलूप होतं. कार्डावरचं गाणं तरी सोडवा म्हटलं, तर तो म्हणाला, ज्यानं कुलूप लावलं त्यालाच विचारा. सुरतच्या माणसाचा फोन केव्हाच बंद झालेला होता.

मी परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. जेवायची वेळ टळत आली होती आणि भाभींचं ताट तसंच झाकलेलं होतं. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

“मी शपथ घ्यायनी व्हती, डाक्टर,” त्या म्हणाल्या. “चोरपासून जपं मी. आनि मन्हाच हातथी गमाडी टाकं.”

पुखराजभाऊ मागून उठून आला. तो इतकं लांब वाक्य बोलू शकतो हे बाजाराला अजून कुणी सांगितलेलं नाही. तो म्हणाला, “छोटूले इचार. चोर कसाले ऱ्हास मंग?”

भाभींनी झाकलेलं ताट बाजूला सारलं. त्या रस्त्यापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. समोरचा रस्ता जेमतेम दोन बैलगाड्या जातील एवढा, पण एवढ्या वर्षांत त्यांनी तो ओलांडला नव्हता. छोटूभाईच्या शेजारी किराणा होता, पण सामान त्या लांबच्या गल्लीतून आणवत. दुसऱ्या दिवशी सकाळी जमनाबाई आली तेव्हा भाभींनी पदर नीट केला, तिचा हात धरला, मला ‘चाला’ म्हणाल्या आणि रस्ता ओलांडला.

छोटूभाईनं त्यांना येताना पाहिलं आणि वाजत असलेलं गाणं झटकन बंद केलं. त्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं मागे सरली. सगळ्यांना वाटलं, आता ठिणगी पडणार.

“आवो भाभी, आवो,” तो हात जोडून उठला. “चोरी करी मे, मान्य शे. पन मन्हा कान तेवढा नका धरू.”

“छोटूभाई,” भाभी म्हणाल्या. “इन्ही मायनं गानं तुम्ही चोरं शे का? सांगा ना, चोरं शे ना?”

एवढ्या काकुळतीनं चोरीची विचारपूस झालेली मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. छोटूभाई क्षणभर गोंधळला. मग खाली बसला आणि त्याची जाडजूड बोटं कीबोर्डवर फिरू लागली. “हळदनं का? नाववालं? शे कदाचित. पन भाभी, तुमनं कुलूप माले उघडनं नही. मन्हं वालं येगळं शे. पाडावरथी कोनी तरी लयनं व्हतं.”

त्यानं गाणं लावलं.

आधी कोंबड्या ऐकू आल्या. मग भांड्यांचा आवाज, कुणी तरी पोराला दटावलं, आणि मग फोनच्या स्पीकरमधून येणारा डोकरीचा बारीक, लांबून आल्यासारखा आवाज. जमनाबाईनं तोंडावर हात घेतला. मला उलगडा व्हायला लागला. कुलपामुळे गाणं दुसऱ्या फोनमध्ये जाईना, म्हणून जमनाबाई फोन आईपाशी ठेवून फडात गेली होती तेव्हा, तिच्या नकळत, पाड्यावरच्या बायकांनी साधी युक्ती केली होती. जमनाबाईचा फोन अंगणात ठेवला, त्याच्यावर डोकरीचं गाणं लावलं आणि शेजारी दुसरा फोन धरून ते नव्यानं भरून घेतलं. सुरतेच्या माणसाच्या कुलपाला यावर इलाज नव्हता.

इतक्यात त्या गाण्यात अगदी जवळून कुणी तरी खळखळून हसलं. भाभी दचकल्या. मग तोच आवाज गायला लागला, फोनमधल्या गाण्याच्या बरोबरीनं, कधी अर्धा शब्द पुढे, कधी मागे. फोनमध्ये डोकरी होती आणि अंगणातही डोकरीच होती. ती स्वतःचं गाणं ऐकत बसली होती आणि तिला राहवलं नव्हतं. एका नावाशी ती मध्येच थांबली, काही तरी बोलली आणि सगळ्या बायका हसल्या.

“काय म्हनी ती?” भाभींनी विचारलं.

जमनाबाई रडत होती आणि हसत होती. “म्हने, हाई फोनमां डोकरी कोन शे? मन्हापेक्षा चांगली गास.”

छोटूभाईनं डोळे पुसायला दुकानातलं फडकं घेतलं, तेव्हा त्यावरची धूळ डोळ्यात गेली आणि तो आणखीच रडला. मला फार बरं वाटलं, हे सांगायला मी लाजत नाही. भाभींनी दिलेला शब्द पाळला गेला होता, फक्त ज्यांच्यापासून त्या गाणं लपवत होत्या त्या सगळ्यांनी मिळून तो पाळला होता.

त्याच दुपारी छोटूभाईनं भाभींना त्यांची सगळी गाणी परत दिली. म्हणजे त्यानं चोरलेलीच. काहींत भाभींचा खरा आवाज होता, काहींत त्यानं काढलेला, आणि भाभींनी दोन्ही ठेवून घेतले. नव्या कॉम्प्युटरवर कुलूप आलं नाही. दुश्मनी मात्र चालू राहिली. भाभींचं म्हणणं होतं की छोटूभाईला आता चोरायची सवय लागली आहे, ती एकदम तोडली तर माणूस आजारी पडेल.

हळदीला भाभी डोंगरावर आल्या. जीपमधून उतरल्या तेव्हा घाटानं त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण पाड्यावरच्या बायकांना कळलं की ही ‘चोरीनं शे’वाली भाभी, आणि त्यांना बघायला झुंबड उडाली. अंगणात स्पीकर लावला होता. गाणं सुरू झालं, कोंबड्यांसकट. अंगणातल्या खऱ्या कोंबड्यांनीही आवाज दिला. नावं एकामागून एक येत गेली. म्हाताऱ्या बायका बोटांवर मोजत ऐकत होत्या आणि जमनाबाईचे ओठ हलत होते. ती शिकत होती. शेवटी नवरीचं नाव आलं. डोकरी दोनदा म्हणाली, एकदा फोनमधून, एकदा अंगणातून, आणि नवरीनं हळदीच्या हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग ज्याच्या-त्याच्या हातात फोन दिसायला लागले. सगळ्यांना ते गाणं हवं होतं. भाभी मध्ये मांडी ठोकून बसल्या आणि एकेकाचा फोन घेऊन त्यात गाणं पाठवू लागल्या. “ले भाऊ, तू बी ले. आनि तुन्ही बहिनले बी दे. तिन्ही सासूले बी दे!”

मला पलीकडच्या पाड्यावर एक गाय अडली होती म्हणून उन्हं असतानाच निघावं लागलं. वळणावर मोटारसायकल थांबवून मी मागे पाहिलं. ढोल सुरू झाले होते. बायकांनी एकमेकींच्या कमरेत हात घालून रांग धरली होती आणि जमनाबाईनं भाभींना ओढून आपल्या शेजारी घेतलं होतं. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, चष्मा नाकावर घसरला होता. सगळी रांग डावीकडे जायची तेव्हा भाभी उजवीकडे निघायच्या. त्यांची पावलं चुकत होती, आणि चुकली की दोन्ही बाजूंच्या बायका त्यांना जमिनीवरून अलगद उचलून पुढच्या पावलावर ठेवत होत्या.